मे महिन्यातले पंचवीस अंश

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं, एवढी माहिती आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पुरली. मी ईसी मीटर घेतला आणि ती पुरेनाशी झाली. पेनाएवढं यंत्र. पाण्यात बुडवलं की त्यातून वीज किती सहज जाते ते सांगतं. क्षार जास्त, तर आकडा मोठा. ओलिताच्या पाण्याचा आकडा २२५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर गेला की ते अतिक्षारयुक्त धरतात. आमच्याकडे खाली आला, तर लोक यंत्रावर संशय घेतात.

बातमी फुटली आणि अंगणात बाटल्यांची रांग लागली. त्यात शेजारचे दोघे भाऊ. बोअर एकच, वाटणीत वार वाटून घेतलेले. धाकट्यानं पहाटे बाटली आणली : ३३००. थोरला भर दुपारी गाडीच्या हँडलला लटकवून आला : ३९००.

"पाह्यलं का मास्तर? माह्या वाराले खारं पानी ठेवते थो!"

आता यांना काय सांगावं! उन्हाळ्यात आम्ही माणसं निंबाखाली आडवी होतो, पण पाण्यातल्या आयनांचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या वीजभारित कणांचं, उलटं. पाणी तापलं की त्याचा दाटपणा कमी होतो आणि ते मोकाट पळतात. अंशाला साधारण दोन टक्के आकडा वाढतो, म्हणून तो २५ अंशांवर आणून वाचायचा. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे मीटर मिळतात. माझा पडला स्वस्तातला. घरातला तापाचा थर्मामीटर मागितला, तर बायकोनं असं पाहिलं की विषयच संपला. (तसाही तो ३५ च्या खाली उतरत नाही.) शेवटी शाळेतला काचेचा आणला. सकाळचं पाणी ३० अंश, दुपारचं ४०. ३३०० ला १.१ नं भागा, ३९०० ला १.३ नं. दोन्हीकडे ३०००!

हे २५ अंश कोणी ठरवले देव जाणे, त्यांनी अकोल्याचा मे काही पाहिला नसावा. मीटर ताळ्यावर आहे का ते बघायच्या द्रावणावर १४१३ छापलंय, पण तेही २५ अंशांनाच. आमच्या माजघरात ३८ अंशांना ते १७८० च्या आसपास जातं. म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून पाहिल्या. व्याही उन्हातून आले, त्यांनी हाताला लागली ती बाटली उघडून तोंडाला लावली. तेव्हापासून फ्रिज मला बंद.

थोरल्यानं भागाकार दोनदा करून घेतला. मग म्हणाला, "म्हंजे थंडं केलं तं पानी गोड होते?"

"नाही हो भाऊ. मीठ तेवढंच राहतं. नुसता आकडा उतरतो."

"उतरते नं? मंग वांग्याइले रातीच देतो पानी. तशीबी लाईन रातचीच हाय."