चालून आलेली नोकरी कशी परतवावी

नोकरी जाऊन काही महिने झालेत, डेटा सायन्सच्या क्लासचं माहितीपत्रक उशाशी आहे, आणि अशात जुना सहकारी फोन करून म्हणतो, "अरे, चाकणला ये. आमच्याकडे माणूस हवाय." घाबरू नका. असे प्रसंग भल्याभल्यांवर येतात. डोकं शांत ठेवलं तर यातून सहीसलामत सुटता येतं.

पहिलं म्हणजे फोनवर हो म्हणू नका. "दोन दिवसांत सांगतो" म्हणा आणि आठवडा जाऊ द्या. लगेच रुजू व्हाल का, असं विचारलं तर हातातली कामं आवरायची आहेत म्हणून सांगा. ती कामं म्हणजे सोसायटीची टाकी धुऊन घेणं आणि मुलीला स्केटिंगला सोडणं, हे त्यांना कळायची गरज नाही. नोकरीत होतात तेव्हा तुमचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा होता. बेकार झालात म्हणून एवढं स्वस्त व्हायचं?

खरी अडचण अशी, की काम तुम्हाला जमण्यासारखं आहे. गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना, आणि त्यांना शॉप फ्लोअरही कळतो आणि सॉफ्टवेअरही कळतं असा माणूस हवाय. हिंजवडीत सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करताना इतकी वर्षं कपाटात पडून राहिलेली तुमची मेकॅनिकलची पदवी अचानक उपयोगी पडणार! अशा वेळी लक्ष पगारावर न्या. तो आधीच्या पगाराच्या दोन-तृतीयांश आहे. पण तुलना आधीच्या पगाराशी करू नका, आणि आत्ताच्या पगाराशी तर मुळीच नाही. शून्याशी ताडून पाहिलं की चाकणसुद्धा कॅलिफोर्निया वाटायला लागतं. तुलना करायची ती माहितीपत्रकात छापलेल्या पॅकेजशी. त्या आकड्याच्या आधी बारीक अक्षरात 'अप टू' असतं, ते चष्मा काढून वाचावं.

मग एक्सेल उघडा. पगार, प्रवास, प्रतिष्ठा, भविष्य असे रकाने करा. प्रवासाला हवे तेवढे गुण कापा. तळेगाव-चाकण रस्त्यावर एकदा कंटेनरमागे अडकलेला कुणीही तुमच्या बाजूने साक्ष देईल. एवढं करूनही उत्तर चाकण आलंच तर 'भविष्य'चं वजन वाढवा. ठेकेदारामार्फतचा हा करार किती दिवसांचा, पीएफ कंपनी भरणार की ठेकेदार, पुढे कायम करतात का, असलं काही मात्र फोन करून विचारू नका. या प्रश्नांना उत्तरं मिळतात, आणि उत्तरं मिळाली की निर्णय घ्यावा लागतो.

सल्ला मामांचा घ्या. 2001 मध्ये बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून ते सगळ्यांना नोकरीविषयी मार्गदर्शन करतात. "ठेकेदाराकडे? इंजिनिअर होऊन?" एवढं ते म्हणाले की काम झालं. बायकोला शेवटी विचारा. घराच्या कर्जाचा हप्ता तिच्या खात्यातून जातो, त्यामुळे ती या विषयाकडे तटस्थपणे पाहू शकत नाही.

आता क्लासकडे वळू. हे सगळे विषय एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमात आयआयटीचे प्राध्यापक फुकट शिकवतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, तीही हजाराच्या आसपास. या वाटेला जाऊ नका. फुकट शिकणारा माणूस घरच्यांना मोबाइल बघत बसलेला दिसतो. लाखभर रुपये 'नो कॉस्ट ईएमआय'वर भरले, की तोच माणूस अभ्यास करतोय म्हणून टीव्हीचा आवाज कमी होतो. शिवाय लग्नाकार्यात "सध्या काय करतोस?" असं कुणी विचारलं, तर "घरीच आहे"पेक्षा "एआयमध्ये कोर्स चाललाय" ऐकायला किती भारदस्त! याच्यापुढे चाकणची काय मातब्बरी?

ही आपली जुनी परंपराच आहे. एका पिढीने मराठी तीस, इंग्रजी चाळीस टायपिंग केलं. 2001 नंतर गावोगाव एमएस-सीआयटी आलं आणि सरकारी नोकरीच्या आशेने घरटी एक प्रमाणपत्र लॅमिनेट झालं. मग जावा, मग टेस्टिंग (हो, तेच, जे तुम्ही तेव्हा क्लास लावून शिकला होतात आणि ज्याची नोकरी आता गेली), मग सॅप. दर वेळी शिकवणाऱ्याचं पोट भरलं, म्हणजे विद्येने रोजगार मिळतो हे सिद्धच झालं.

एका संकटाला मात्र जपा. प्रवेश घ्यायला गेलात की काउन्सेलरताई आपणहून सांगतील, "सर, नोकरी करणाऱ्यांसाठी आमची रविवारची बॅच आहे." ऐकू न आल्यासारखं करा. नोकरी आणि क्लास दोन्ही एकदम होऊ शकतात हे एकदा कानावर पडलं, की एक्सेल, मामा, प्रतिष्ठा, सगळी मेहनत पाण्यात. चटकन विचारा, "एसी आहे का वर्गात?"

एव्हाना चाकणहून फोन यायचा बंद झाला असेल. तुम्हीही करू नका. क्लास सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात जिन्यातल्या फ्लेक्सवर नवा फोटो लागलेला दिसेल: गेल्या बॅचचा विद्यार्थी, गळ्यात हार, खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली चाकणच्या त्याच कंपनीचं नाव. मन लावून वाचा आणि समाधान माना, क्लासला खरंच प्लेसमेंट आहे. दुसरा हप्ता पाच तारखेच्या आत भरा, उशीर झाला तर दंड लागतो.