कोच झालात? मग आधी डेव्हलपमेंटवर भाषण पाठ करा

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे कोच झालात, अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे एक फिलॉसॉफी तयार ठेवा. ती सगळ्यांची एकच असते, 'आम्ही प्लेअर घडवतो', फक्त म्हणताना हसू येऊ द्यायचं नाही.

पूर्वी अवघड होतं हो. कॉलेज बदललं की पोराला वर्षभर बाकावर बसावं लागायचं, म्हणून बरीच पोरं झक मारत थांबायची आणि थांबली की नाइलाजाने शिकवावंही लागायचं. 2018 ला ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलायचंय म्हणून नाव नोंदवायची ऑनलाइन यादी, 2021 ला न बसता एकदा कॉलेज बदलायची सूट मिळाली, त्याच जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा, आणि 2024 पासून तर दरवर्षी बदला, कोण अडवतंय (अभ्यासात पास पाहिजे म्हणे, असो).

तर घडवायचं असं. नवा पोरगा घ्यायचा, मॅचमध्ये चार मिनिटं उतरवायचा, बाकी वेळ त्याने टॉवेल हलवायचा. सीझन संपला की केबिनमध्ये बोलवायचं, दार लोटायचं, आईच्या तब्येतीची चौकशी करायची आणि मग हळूच, 'बाळा, तुला जास्त मिनिट्स मिळतील अशी जागा बघ, तुझ्याच भल्याचं सांगतोय.' काढलं असं म्हणायचं नाही हं. संध्याकाळी त्याच्या फोटोसकट थँक यू पोस्ट, आणि रात्री तेवीस वर्षांच्या, तीन कॉलेजं फिरून आलेल्या गड्याला फोन, ज्याला दुसऱ्याच कोणीतरी घडवून ठेवलंय. तोही अकरा महिन्यांच्या ऍग्रीमेंटवरच्या भाडेकरूसारखा, सामान पूर्ण उघडणारच नाही, पण तुम्हाला तरी कुठे त्याच्याशी सोयरीक करायचीय.

पर्ड्यू युनिव्हर्सिटीचे कोच मॅट पेंटर यांच्यासारखं खूळ मात्र डोक्यात घेऊ नका. झॅक ईडी, उंची सात फूट चार इंच, भरतीच्या यादीत चारशेच्याही खाली, असला पोरगा चार वर्षं सांभाळत बसले. 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं सीडिंग (म्हणजे वरचं मानांकन) असून सोळाव्या, म्हणजे तळाच्या सीडच्या फेअरली डिकिन्सन कॉलेजकडून हरले, देशभर नाचक्की, तरी पुढच्या वर्षी दोघं तिथंच! मग काय, ईडी लागोपाठ दोनदा देशातला बेस्ट प्लेअर आणि टीम 2024 च्या फायनलला. पण फायनल हरलेच ना युकॉनकडून, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीकडून?

आणि प्रेस कॉन्फरन्समध्ये 'हल्लीच्या पोरांत निष्ठा राहिली नाही' हे वाक्य आलंच पाहिजे. तुम्हाला स्वतःला ऑफर आली तर गोष्ट वेगळी. कोच जॉन कॅलिपरी 2024 च्या एप्रिलमध्ये केंटकी युनिव्हर्सिटी सोडून आर्कान्सॉ युनिव्हर्सिटीला गेले आणि तिथं पहिल्याच दिवशी सांगून मोकळे, टीमला भेटलो पण टीमच नाहीये. इकडे केंटकीत नवे कोच मार्क पोप आले तर स्कॉलरशिपवाला एकही जुना प्लेअर शिल्लक नाही, दोन्हीकडे नुसती रिकामी लॉकर रूम. त्यामुळे निघताना कामाची पोरं सोबत घ्यायला विसरू नका, कॅलिपरींच्या मागोमाग केंटकीची तिघं गेलीच की. ती निष्ठा बरं का, पोर्टलवाली नव्हे.