तर्री निर्दोष आहे

मे महिन्यात नागपुरात माणसाचं पोट बिघडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो. ‘अजून खा तर्री-पोहे!’ बायको दाराबाहेरून म्हणाली. मी आत होतो. सातव्यांदा. बाहेर पारा 45 वर आणि नळाला येणारं पाणी चहा टाकण्याइतकं गरम. याहून जास्त वर्णन करत नाही.

डॉक्टरांनी मात्र सकाळचं विचारलंच नाही. ‘परवा काय खाल्लं?’ परवाचं कोणाला आठवते बाप्पा! तरी आठवलं: बर्फाचा गोळा, कालाखट्टा. बर्फाची लादी ओल्या पोत्यातून निघाली होती आणि गोळेवाल्याने त्याच हाताने सुटे पैसे मोजले होते.

‘मग उकळत्या तर्रीवर काऊन आळ घेऊन राहिले? बर्फात जंतू मरत नाहीत, नुसते गारठतात. पोटात जाऊन बस्तान मांडायला बऱ्याचदा दिवस-दोन दिवस घेतात.’

त्यांनी पॅडवर आतडं काढलं. दिसत होतं शेवयांसारखं. काही जंतू म्हणे आत घुसतही नाहीत. अस्तराला चिकटतात आणि विष सोडतात. मग पेशी क्षार बाहेर टाकतात, त्यामागे पाणी धावतं. म्हणजे सात फेऱ्या मारल्या मी आणि नळ सोडला त्यांनी!

‘आणि आमची प्रतिकारशक्ती झोपली होती?’

डॉक्टर दुखावलेच. शरीरातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा सर्वांत मोठा जमाव आतड्यातच असतो म्हणाले. वर चिकट श्लेष्मा, त्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत. खाली पेयरचे पुंजके, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींचे अड्डे, बसलेले. काही पेशी आतड्यातून जंतूंचे नमुने उचलून त्यांच्या हवाली करतात. (आमच्या गल्लीतल्या काकूंचं कामही साधारण हेच.) पण नव्या पाहुण्यासाठी नेमकी प्रतिपिंडं घडवायला काही दिवस लागतात. तोवर अस्तरच आपल्या जुन्या पेशी टाकून देतं. तीन ते पाच दिवसांत सगळं नवं कोरं. आमच्या घराला रंग द्यायला दोन दिवाळ्या गेल्या.

अँटिबायोटिक मागितलं, मिळालं नाही. ताप नाही, रक्त नाही, म्हणून ओआरएस. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात, पाण्याला ओढून नेतात, आणि ते दार विषालाही बंद करता येत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाजलं होतं. चव मात्र घामासारखी.

पाचव्या दिवशी ठेल्यावर गेलो. जरा दबकतच म्हणालो, ‘भाऊ, तर्री कमी.’

झारा हवेतच थांबला. ‘काऊन? पोट बिघडून राहिलं का?’ मग चारही गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘गोळा खाल्ला असन!’