थर्मोस्टॅट काढून फेका म्हणणाऱ्यांना सोलापुरातून उत्तर

मार्च उजाडला की तो मेसेज सोलापुरातल्या एकूण एक ग्रुपवर फिरायला लागतो. सार असं: जुनी गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून फेका, तो थंड देशांसाठी असतो. कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं तयार द्रव) म्हणजे कंपन्यांचा धंदा, साधं पाणी घाला. रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करा, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडा. तापमानाचा काटा वर गेला की रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता. एवढं करूनही तापली तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं समजा. खाली 'जनहितार्थ'. एकेक बघू.

थर्मोस्टॅट आपल्याकडं लागत नाही म्हणे. अहो, तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो आणि इंजिनाला चालायला ९० च्या आसपासच बरं वाटतं, मग मे महिन्यातलं आपलं ४२-४३ डिग्री त्याच्यापुढं गारच की! काढून टाकला की सकाळी गाडी लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि खरी गंमत पुढं आहे. बऱ्याच इंजिनांत पाण्याला एक आडवाट ठेवलेली असते, म्हणजे बायपास, आणि इंजिन गरम झालं की हाच थर्मोस्टॅट ती वाट बंद करून सगळं पाणी रेडिएटरकडं पाठवतो. तो काढला तर आडवाट कायम उघडी, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात, म्हणजे तुळजापूरचा घाट चढताना गाडी उलट जास्त तापू शकते. (पाणी जोरात फिरतं म्हणून त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असं विरोधात सांगणारे पण आहेत, ते काही खरं नाही.) संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवा. आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडला तर चांगला, पाणी उकळलं तरी मिटलेलाच असेल तर नवा टाका. महाग वस्तू नाही.

साध्या पाण्याचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरसच. पण आपल्याकडं साधं पाणी म्हणजे बोअरचं, बादलीच्या कडेला ज्याचा पांढरा थर बसतो तेच, आणि तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, वर आतून गंज. कूलंट गंज रोखतो आणि उकळायचं तापमान वाढवतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं, रेडीमिक्स असेल तर वर पाणी घालायचं नाही.

आणि झाकणाबद्दल मेसेजमध्ये फक्त 'उघडा'! ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, बऱ्याच झाकणांवर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढे बार जास्त दाब, आणि त्या दाबाला पाणी ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. खालचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब टिकत नाही आणि पाणी शेजारच्या ओव्हरफ्लोच्या बाटलीत ढकललं जातं. मी तर आधी झाकण बदलून बघा म्हणेन. पण गरम असताना उघडलं की दाब एकदम सुटतो, पाण्याची जागच्या जागी वाफ होते, तोंड-हात भाजतात. आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गार पाणी ओतलं की हेड वाकतं नाहीतर तडकतं. पाणी शाबूत असेल आणि काटा नुसता चढत असेल तर एसी बंद, हिटर फुल (हो, सोलापुरात, मे महिन्यात, तो इंजिनाचीच उष्णता ओढतो) आणि कडेला घ्या. वाफ निघत असेल तर मात्र इंजिन लगेच बंद.

फॅन डायरेक्ट केल्यानं एक दिवस निभावेल, रोग लपेल. सात रस्त्याच्या सिग्नलला तापते पण पुणे हायवेला ठीक चालते, तर फॅन, त्याचा रिले, फ्यूज नाहीतर थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) बघा. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की फॅन आपोआप फिरतो, त्यामुळं एसी लावल्यावर काटा खाली येत असेल तर फॅन चांगला आहे, त्याला चालू करणारा स्विच गेलाय. उलट गावात ठीक आणि मोहोळच्या पुढं स्पीडला तापते, तर चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप नाहीतर चपटा होणारा खालचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप). इंजिन गरम झालंय, वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट मिटून बसलाय किंवा रेडिएटर चोंदलाय. हात लावताना इंजिन बंद ठेवा, फॅन कधीही फिरतो. आणि काट्यावर डोळे झाकून विश्वास नको, पाणीच संपलं तर सेन्सर हवेत राहतो आणि काटा खालीच दिसू शकतो.

हेड गॅस्केट सगळ्यात शेवटी. थंड गाडीचं झाकण काढून स्टार्ट करा, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहिले, थांबलेच नाहीत, तर शंका घ्या. झाकण लावून थंड गाडी स्टार्ट केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, ऑइल दुधाळ दिसलं, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबेना, तर मग हेड काढायला सांगा, आणि काढलंच तर लेथवाल्याकडं फेसिंग, म्हणजे हेडचा तळ सपाट आहे का ते, तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका, वाकलेल्या हेडवर ते महिनाभर पण टिकेल याची खात्री नाही.