वारज्याच्या केंद्राबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘वारज्याच्या सिप्ला केंद्रात कॅन्सरचा पेशंट नेला की परत येत नाही, मॉर्फिन देऊन झोपवून ठेवतात,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही.

पुण्यातलं हे केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटच्या वेदना, धाप, उलट्या, जखमा यांवर मोफत उपचार करतं. त्रास आटोक्यात आला की बरेच पेशंट घरी जातात, हे केंद्र स्वतःच सांगतं. केमो चालू असतानाही केंद्रात जाता येतं. सोबतच्या नातेवाइकाला तिथेच शिकवतात: नाकातल्या नळीतून पातळ जेवण कसं द्यायचं, तोंडाची जखम कशी धुवायची. अशा जखमेला वास येत असेल तर डॉक्टर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची पूड लावायला देतात. वास कमी झाला की माणूस पुन्हा चारचौघांत बसतो.

आता मॉर्फिन, म्हणजे वेदना कमी करणारं औषध. कॅन्सरच्या तीव्र वेदनांसाठी जागतिक आरोग्य संघटनाच ते सुचवते. थोड्या डोसपासून सुरुवात, साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी. पहिले काही दिवस गुंगी येते, मग ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून सोबत रेचक. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट दिलेल्या मॉर्फिनने मरण लवकर ओढवत नाही.

या भीतीपायी घरोघरी माणसं विनाकारण विव्हळत राहतात, याचं फार वाईट वाटतं. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला हा खुलासा द्या आणि शंका असेल तर थेट केंद्रात विचारा.