घरी भाजी पिकवल्याने घरखर्च खरंच कमी होतो का?

महागाई वाढली की सल्ले पण वाढतात, आणि त्यातला सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे "घरीच पिकवा की भाजी". मी स्वतः बाल्कनीत बरीच वर्षं भाजी लावतेय, मनापासून लावतेय, तरी हा सल्ला असा वरवर दिलेला ऐकला ना की मला राग येतो. ज्याचं बजेट खरंच कोलमडलंय ते घराचं भाडं, लाइट बिल, गॅस, मुलांची फी, औषधं ह्यांनी कोलमडलंय, कोथिंबिरीने नाही. म्हणून आज सगळं नीट लिहिते, पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आधी पोट भरण्याचा हिशोब बघू. 100 ग्रॅम पालकात साधारण 23 कॅलरी असतात, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मोठ्या माणसाला दिवसाला 2000 च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे नुसत्या पालकावर राहायचं ठरवलं तर रोज आठ-नऊ किलो पालक लागेल. तेवढ्याच कॅलरी सहाशे ग्रॅमच्या आसपास कोरड्या धान्यातून मिळतात. आणि धान्य, तेल, डाळी, साखर ह्यातलं काहीच बाल्कनीत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा जो जागतिक अन्न किंमत निर्देशांक आहे तो मार्च 2022 मध्ये तोपर्यंतच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला होता, कारण रशिया आणि युक्रेन दोघंही गव्हाचे मोठे निर्यातदार, युक्रेन तर सूर्यफूल तेलात जगात पहिला, आणि युद्ध सुरू झाल्यावर तो मालच अडकला. त्याच्या आधीपासून नैसर्गिक वायू महागला होता आणि युरिया त्याच वायूपासून बनतो, म्हणून खतं महागली. आता ह्या सगळ्या साखळीपुढे माझ्या आठ-दहा कुंड्या काय करणार सांगा.

अजून एक गोष्ट मला फार टोचते. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा खाण्यावर जातो. म्हणजे अन्न महागलं की सगळ्यात जास्त चटका कमी कमाईच्या घराला बसतो, आणि नेमकं त्याच घराकडे गच्ची नसते, बाल्कनी नसते, ऊन येणारी खिडकी नसते, पाणी भरपूर नसतं आणि दिवसभर राबून आल्यावर रोपांकडे बघायला वेळ नसतो. त्यांना "पिकवा" म्हणणं म्हणजे त्यांच्या अडचणीचा दोष त्यांच्यावरच टाकणं आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही.

मग तू कशाला लावतेस असं कोणी विचारेल. मला फायदा होतो म्हणून लावते, फक्त तो लोकांना वाटतं त्या जागी होत नाही. खरी बचत पिकवण्यात कमी आणि न फेकण्यात जास्त आहे.

जरा आपापल्या फ्रिजमध्ये बघा. कोथिंबिरीची जुडी आणतो, चार काड्या वापरतो, बाकीची तळाशी काळी पडते. पुदिना तसाच, पातीचा कांदा तसाच, सॅलडची पानं तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये जो अहवाल दिला त्यात 2022 या वर्षात जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेलं असं म्हटलंय, आणि त्यातलं 60 टक्के हॉटेलात नाही, दुकानात नाही, घराघरात वाया गेलं. पैसे देऊन आणलेलं अन्न! कुंडीतल्या रोपाचं तसं नाही, चार काड्या हव्यात तर चारच तोडायच्या, उरलेल्या तिथेच ताज्या राहतात आणि वाढतही राहतात. आमच्याकडे ह्या एका सवयीने जो फरक पडला तो टोमॅटोच्या एवढ्या मोठ्या झाडांनीही पडला नसता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जागा कमी असेल तर जे थोडं थोडं लागतं, जे पटकन खराब होतं आणि जे वजनाच्या मानाने महाग पडतं तेच लावा. कोथिंबीर, पुदिना, मिरची, पातीचा कांदा, पालक. पुदिन्याला तर बीही लागत नाही, आणलेल्या जुडीतल्या दोन जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की मातीत लावा. पातीच्या कांद्याचा मुळाकडचा पांढरा तुकडा फेकू नका, तोच परत लावायचा. कोथिंबिरीला स्वयंपाकघरातले धणे चालतात, फक्त हलके रगडून दोन फाका वेगळ्या करून पेरा. सगळे एकदम नका पेरू, थोडे आज, थोडे दोन-तीन आठवड्यांनी, नाहीतर एकदम भरपूर येते आणि मग पुन्हा काही नाही. पालेभाजीला तीन-चार तास ऊन मिळालं तरी भागतं, टोमॅटो-मिरचीला मात्र सहा ते आठ तास थेट ऊन पाहिजे, ते नसेल तर त्यांच्या नादी लागू नका, नुसती पानं येतील. बटाटा, कोबी वगैरे जागा खूप अडवतात आणि त्या मानाने हातात फार थोडं येतं, ते मी बाजारातूनच आणते.

आणि ज्यांच्याकडे ऊन नाही, माती नाही, काहीच नाही त्यांनी कडधान्याला मोड आणावेत, हे घरी पिकवणंच आहे, सगळ्यात स्वस्तातलं. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आले की ते तयार होतं. एक फडकं आणि दोन दिवस, बास.

आता खर्चाकडे येते, कारण इथेच लोक फसवले जातात. रंगीत कुंड्या, तयार मातीच्या पिशव्या, बाटलीतली खतं, स्टँड, सेन्सर, छोटे छोटे लाइट, सगळा सेट घेतला की ते पैसे भाजीतून वसूल व्हायला किती हंगाम लागतील ह्याचा विचारच कोणी करत नाही. महागाईशी लढायला निघालेल्या माणसालाच हे एवढं विकलं जातं ह्याचं मला खूप वाईट वाटतं. कुंडी म्हणजे खाली भोकं असलेलं कुठलंही खोलगट भांडं, खाण्याच्या पदार्थाचा डबा असला तर उत्तम, केमिकल किंवा रंगाचा डबा मात्र नको. पालेभाजीला वीतभर खोली पुरते. माती दरवेळी नवी लागत नाही, एक पीक निघालं की त्याच मातीत कंपोस्ट मिसळून परत वापरायची. कंपोस्ट घरच्या सालींचं आणि देठांचं करायचं, ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळकी पानं किंवा पुठ्ठ्याचे तुकडे टाकायचे, वास आला तर समजायचं ओलं जास्त झालंय, अजून कोरडं घालायचं. एवढंच शास्त्र पुरतं सुरुवातीला.

बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही पण त्यात एक मेख आहे. पाकिटावर एफ वन हायब्रीड (म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी) लिहिलेलं असेल तर त्या फळाचं बी लावल्यावर तसंच झाड येईल ह्याची खात्री नसते. साधं, सरळ वाणाचं बी घ्या, टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच्याच फुलात फळ धरतो त्यामुळे त्याचं बी जपणं सोपं आहे, पिकलेल्या फळातलं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं, कागदात ठेवायचं. नीट कोरडं राहिलं तर काही वर्षं उगवतं.

पाण्याचं पण बघा, जिथे पाणी विकत घ्यावं लागतं तिथे उन्हाळ्यात कुंड्या सांभाळणं परवडेलच असं नाही. भाज्या-धान्य धुतलेलं पाणी घाला, मातीवर वाळक्या पानांचा थर द्या, सकाळी घाला. गच्ची-बाल्कनीवाल्यांनो, ओल्या मातीची वीस लिटरची एक कुंडी सहज पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, दहा-पंधरा ठेवायच्या आधी स्लॅबचं कोणा जाणकाराला विचारा. आणि जुन्या रंगाच्या भिंतीलगत किंवा मोठ्या रस्त्याकडेच्या जमिनीत थेट लावू नका, तिथल्या मातीत शिसं असू शकतं, तिथे बाहेरची स्वच्छ माती भरूनच लावा.

शेवटचा मुद्दा, तो माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घराघरात भाजी लावली गेली आणि 1943 च्या सुमारास ताज्या भाजीचा जवळपास 40 टक्के वाटा तिथूनच आला असा अंदाज सांगतात. ब्रिटनमध्ये 1939 पासून अशीच मोहीम होती, बागा, मैदानं खणून भाज्या लावल्या. हे आकडे दाखवून लोक म्हणतात की बघा, जमतं. जमलं, पण कसं जमलं तेही सांगा ना! ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून रेशनिंग होतं, किमतींवर लक्ष होतं, सार्वजनिक जमीन मोकळी करून दिली, माहितीपत्रकं वाटली, शिकवलं. नव्वदच्या दशकात सोव्हिएत मदत थांबल्यावर क्यूबात शहरातल्या रिकाम्या जागांवर वाफे झाले तेव्हाही जमीन सरकारने वापरायला दिली होती. कुठेच एकट्या माणसाला "तुझं तू बघ" म्हणून सोडलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं हे आहे की सोसायटीतली, वस्तीतली, शाळेतली जी मोकळी जागा नुसती कुलूप लावून पडलीय ती भाजीसाठी उघडा, पाण्याचा एक नळ द्या, आणि ज्यांच्या घरात ऊन नाही त्यांना आधी वाफा द्या. सोबत धान्य, तेल, भाडं, वीज ह्यांच्या किमतींबद्दल प्रश्न विचारणंही चालू ठेवा, कुंडीत मिरची आली म्हणून तो प्रश्न सुटत नाही. माझ्याकडे टोमॅटोचं आणि पालकाचं घरचं बी जास्तीचं आहे, ज्यांना खरंच लावायचंय त्यांनी मला मेसेज करा, पैसे नकोत, पुढच्या हंगामात तुमच्याकडचं थोडं बी अजून कोणालातरी द्या.