हातभर नळी, पायभर जोर

जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या, बूस्टर असलेल्या मारुती 800 चं बॉनेट उघडा. इनटेक मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनला हवा वाटणाऱ्या नळकांड्यापासून निघून मागच्या काळ्या कढईला, म्हणजे ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला, जाऊन चिकटलेली काळी नळी दिसेल. तिच्यातून काय वाहतं? सांगण्यासारखं काहीच नाही. इंजिन हवा ओढतं, कढईतल्या रबरी पडद्यापुढे पोकळी होते. ब्रेक दाबला की पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पोकळी 18 इंच पाऱ्याची आणि पडदा 7 इंच व्यासाचा धरला, तर हा धक्का दीडशे किलोच्या आसपास भरतो. खंबाटकीच्या उतारावर आपल्याला आवरणारी शक्ती म्हणजे निव्वळ रिकामेपण आहे, हे एकदा कळलं की मला त्या नळीकडे उद्धटपणे बघवत नाही.

ती मात्र आपल्याशी उद्धटच वागते. तडा नेहमी क्लिपच्या खाली, पाठीमागे, जिथे मान घालून बघता येत नाही तिथे. मग आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ‘फुस्स’ असा आवाज, इंजिन थरथरतं आणि पॅडल दगडासारखं. ब्रेक तरीही लागतो, कारण ऑइलची लाइन शाबूत असते. फक्त दीडशे किलोंचा मदतनीस रजेवर गेलेला असतो आणि त्याचं काम आपल्या मांडीला करावं लागतं. आयडलिंगवर नळी मॅनिफोल्डजवळ पकडीने हलकेच चिमटून बघावी. इंजिन शांत झालं तर गळती चिमट्याच्या पलीकडे, म्हणजे नळीत किंवा बूस्टरमध्ये.

जुनी नळी ओढून काढू नये. ती वीस वर्षांच्या संसारासारखी चिकटलेली असते. तशीही ती जाणारच, तेव्हा टोकाला ब्लेडने उभा छेद द्या आणि सालीसारखी सोला. बूस्टरच्या तोंडाशी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेली रबरी कडी, असा टेकू लागला की ‘टप्प’ करून बूस्टरच्या पोटात पडतं. मग सुरू होतो वाकवलेली तार, टॉर्च आणि शेजाऱ्यांचे सल्ले असा त्रिवेणी संगम.

नवी नळी घेताना दुकानात नुसतं ‘व्हॅक्यूमचा पाईप द्या’ म्हणू नका, जुना तुकडा सोबत न्या. बूस्टरसाठीचीच, आत धाग्याची वीण असलेली नळी हवी. पाण्याचा किंवा काच धुण्याच्या पिचकारीचा पाईप अगदी छान बसतो, इंजिन सुरू होईपर्यंत. गरम होऊन मऊ पडला की ओढीने आतून चपटा होतो. बाहेरून सगळं जागेवर, पॅडल मात्र पुन्हा दगड. लांबी जुन्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर जास्तच कापावी, कारण इंजिन हलतं आणि बूस्टर हलत नाही. ताणलेली नळी या दोघांच्या भांडणात पहिली फाटते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून ती लांब ठेवावी.

आता हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या, बोटाएवढ्या वनवे व्हॉल्व्हकडे या. काही गाड्यांत तो नळीच्या मध्ये असतो, काहींत बूस्टरच्या तोंडाशी. त्याच्यावर बाण असला तर तो इंजिनकडे हवा. बाण पुसला असेल तर तोंडाने तपासा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं की हवा जावी, इंजिनच्या बाजूने फुंकलं की अडावी. उलटा लावला तर हवा बूस्टरमधून बाहेरच येत नाही, आणि आपण निष्पाप बूस्टर बदलायला निघतो.

नळी चढत नसेल तर गरम पाण्यात टोक बुडवा, निपलला, म्हणजे नळी जिच्यावर चढते त्या तोटीला, साबणाचं बोट लावा. ग्रीस नको, रबर फुगतं. क्लिप निपलच्या फुगीर कड्याच्या मागे बसली पाहिजे, आणि तिथे मनगटातला राग काढायचा नाही. व्हॉल्व्हचं प्लॅस्टिक कटकन तुटतं. कार्ब्युरेटरजवळचा बारीक निपल ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा आहे. ‘ओढ तीच की’ म्हणून तिथे जोडू नये, थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद असताना तिथे सहसा ओढच नसते आणि ब्रेक लावताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेलाच असतो. डिझेल गाडीत मॅनिफोल्डवर हा निपल शोधत बसू नका. तिथे बहुधा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला.

परीक्षा सपाट जागीच घ्यावी. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि चावी फिरवा. नळी नीट बसली असेल तर पायाखाली पॅडल हळूच, इंचभर, खाली सरकतं. नंतर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिली एक-दोन दाबणी मऊ लागली तर व्हॉल्व्हनेही पोकळी धरून ठेवली आहे. मऊ लागली नाही तर बॉनेट परत उघडा, आणि आधी क्लिपच्या खाली, पाठीमागे बघा.